नेरळहून माथेरानास

बेळगावहून मुंबईस जाताना खंडाळ्याचा घाट उतरला, की कर्जतच्या पुढे नेरळ हे लहानसे स्थानक लागते. कित्येक वर्षे मी ते खिडकीतूनच पाहत आलो. गेल्या हिवाळ्यात मात्र मुद्दाम कर्जतास उतरलो, लोकलने नेरळ गाठले आणि माथेरानच्या चिमुकल्या आगगाडीत जाऊन बसलो.

चिमुकली अशासाठी, की तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे २ फूट आहे. सर आदमजी पीरभॉय यांनी द्रव्य पुरविले व त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी हा मार्ग बांधविला. १९०७ साली तो सुरू झाला. सुमारे २१ किलोमीटरच्या वाटेत गाडी साडेसातशे मीटरांच्या आसपास चढते. उभी चढण तिला झेपणारी नाही. म्हणून मार्ग डोंगरास वळसे घालीत, नालेच्या आकाराची वळणे घेत वर जातो. त्या वळणांवर चाके अडू नयेत, म्हणून आरंभीच्या वाफेच्या इंजिनांचे टोकाचे आस वळणासरशी वळतील असे केलेले होते. आता डिझेलची इंजिने आहेत.

जुम्मापट्टी मागे पडले, वॉटर पाइप आले, तरी गाडी आपली रांगतच होती. “यापेक्षा पायी गेलो असतो तर बरे,” असे मी कुरकुरलो. शेजारी माथेरानचे एक वृद्ध दुकानदार बसले होते. त्यांनी बाहेर बोट दाखविले. दरीच्या काठाशी रुळांची निगा राखणारे कामगार पहारी टेकून, गाडीस वाट देऊन उभे होते.

“फादर, २००५ च्या जुलैतील पावसाने हा मार्ग उखडला, तो २००७ साली पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाने पुन्हा तेच केले. २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत नेरळची गाडी वर आली नाही. आमच्या गावात मोटारींना बंदी. गाडी थांबली, की म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हाल आणि आमचा धंदा अर्धा. ती हळू येते याचे आम्हांस दुःख नाही. ती येते, हेच पुष्कळ.”

मी खजील झालो. ज्यास मी दिरंगाई म्हणत होतो, ती त्या कामगारांची दक्षता होती.

अमन लॉज मागे टाकून तांबड्या मातीच्या माथेरानात उतरलो, तेव्हा घाई उरली नव्हती. वाचकहो, आपणही अवश्य जा. परंतु पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो, हे ध्यानी ठेवा. आणि वळणावर ती माणसे दिसली, तर त्यांस हात करावयास विसरू नका.