पडद्यावरच्या निळ्या पट्ट्या

मंडळी, 'गोल्डन ॲक्स' हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? ज्यांची मुलं 1990 नंतरच्या दशकात वाढली, त्यांच्या कानावरून कदाचित गेलं असेल. बाकीचे म्हणतील, सत्तरी ओलांडलेल्या बाईंना हे काय सुचलं! सुचायला कारण आहे, ते पुढे सांगतेच. आधी खेळाविषयी.

हा सेगा या जपानी कंपनीचा व्हिडिओ गेम. माकोतो उचिदा यांनी तो तयार केला आणि 1989 साली तो आला. आधी नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावर आणि त्याच वर्षी टीव्हीला जोडायच्या 'मेगा ड्राइव्ह' या घरगुती यंत्रावर. गोष्ट अगदी 'चांदोबा'त शोभावी अशी. युरिया नावाचं राज्य आहे (खताशी काही संबंध नाही हं!). डेथ ॲडर नावाच्या दुष्टाने तिथल्या राजाला आणि राजकन्येला कैद केलंय, राज्याची सोन्याची कुऱ्हाडही बळकावली आहे. त्याच्यावर तिघं चालून जातात. ॲक्स बॅटलर (नावात कुऱ्हाड, हातात तलवार!), टायरिस फ्लेअर नावाची तलवारबहाद्दर बाई आणि पांढऱ्या दाढीचा बुटका गिलियस थंडरहेड. तिघांचंही घरचं माणूस त्या दुष्टाने मारलेलं. वाटेत एका प्रचंड कासवाच्या पाठीवर वसलेलं गाव लागतं, पुढे गरुडाच्या पाठीवरून प्रवास होतो.

मी मराठी विषय शिकवला. बी.ए.ला आम्हाला अद्भुतरम्य कादंबऱ्या होत्या. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 सालची. तिथेही संकटामागून संकटं, कपटी माणसं आणि शेवटी सत्याचा जय. सव्वाशे वर्षांनी यंत्रावर आलेली गोष्ट त्याच वळणाची निघाली, याची मला गंमत वाटली होती. फरक इतकाच, की इथे पान उलटायला तलवार चालवावी लागते.

1995 मध्ये शॉ वॉलेस कंपनीने मेगा ड्राइव्ह भारतात विकायला आणलं. बाहेरून आणायचं तर 80 टक्के जकात, आणि इथे विकायची किंमत 18 हजार रुपये! माझा पगार तेव्हा चार हजारांच्या आसपास. आमच्या नायगावात ते दुकानात येणंही शक्य नव्हतं. आमच्या घरी आलं ते धाकट्या भाऊजींमुळे. ते मस्कतला होते, 1996 च्या सुटीत पुतण्यांसाठी घेऊन आले. थोरला तेव्हा नववीत, धाकटा सहावीत.

मी त्याच खोलीत पेपर तपासत बसायची, त्यामुळे न खेळताही मला सगळा खेळ पाठ झाला. गोणी घेतलेले छोटे चोर पळत यायचे. त्यांना लाथ मारली की निळ्या कपड्यातल्याकडून जादूच्या कुप्या पडायच्या, हिरव्या कपड्यातल्याकडून मांस. ते खाल्लं की जिवाची एक पट्टी वाढते. आमचं घर माळकरी, सासूबाई समोरच जप करत बसलेल्या. म्हणून पोरांनी त्याचं नाव 'भाकर' ठेवलं होतं!

या खेळात एक मोठी खोच आहे. दोघं मिळून खेळत असले तरी एकाची तलवार दुसऱ्याला लागते. शिवाय भाकर आणि कुप्या कुणाच्या, याचा काही नियम यंत्रात नाही. उचलेल त्याची. साहजिकच पहिले आठ दिवस घरात महाभारत झालं. त्यात मधेच वीज जायची. खेळ साठवून ठेवायची सोय नाही, त्यामुळे चौथ्या टप्प्यावरून पुन्हा पहिल्यावर. मग चिडचिड, मग गुद्दागुद्दी.

नंतर एक दिवस भांडणाचा आवाज बंद झाला. मला वाटलं, यंत्र बिघडलं! बघते तर दोघांनी आपसात नियम ठरवले होते. कुप्या धाकट्याने घ्यायच्या, कारण तो टायरिस घेऊन खेळायचा. तिची जादू सहा पायऱ्यांपर्यंत वाढते, दाढीवाल्याची तीनच. जादू वापरली की सगळ्या कुप्या एकदम रिकाम्या होतात, म्हणून विचारल्याशिवाय वापरायची नाही. आणि भाकर? ज्याच्या पट्ट्या कमी, त्याची. जिवाच्या निळ्या पट्ट्या दोघांच्याही पडद्यावर दिसत असतात. "दादा, तुझी एकच राहिली, तू घे," असं धाकटा ओरडायचा आणि स्वतः बाजूला सरायचा. हे त्यांना मी शिकवलं नव्हतं, यंत्रानेही नाही.

अशाने ते एकदा शेवटापर्यंत पोचले. घरच्या यंत्रावर डेथ ॲडर मेला तरी संपत नाही, त्याच्यापुढे डेथ ब्रिंगर उभा असतो. तोही पडला तेव्हा दोघांनी सासूबाईंना गूळ-खोबरं वाटायला लावलं होतं.

आता कारण सांगते. नातेवाईक वाचतात, त्यांना अर्धं ठाऊक आहेच.

आमची नऊ एकर जमीन आहे आणि एक विहीर. हे गेल्यावर सातबाऱ्यावर माझं आणि दोघा मुलांचं नाव लागलं. थोरला इथेच शेती बघतो, धाकटा पुण्यात नोकरी करतो. गेल्या वर्षीपासून वाटणीचा विषय निघाला आहे. जमीन मोजून वाटता येते. महसूल कायद्याच्या कलम 85 प्रमाणे तहसीलदारांकडून ती होते, आम्ही तिघं तयारही आहोत. अडलं आहे ते विहिरीवर. विहीर थोरल्याच्या बाजूला येते. कागदावर 'सामायिक' लिहिता येईल, पण एप्रिलमध्ये पाणी तळाला गेल्यावर मोटार आधी कुणाची चालू होणार, हे कागद सांगत नाही. तिथेही उचलेल त्याचीच.

सहा महिने झाले, दोघं एकमेकांना फोन करत नाहीत. दोघंही मला करतात. थोरला म्हणतो, "आई, त्याला काय कमी? महिन्याच्या एक तारखेला पगार पडतो." धाकटा म्हणतो, "आई, दादाला घर आहे, रान आहे, भाडं भरावं लागत नाही." थोरल्यावर सोसायटीचं कर्ज किती, सोयाबीनचा खर्च निघाला का, हे धाकट्याला माहीत नाही. धाकट्याच्या पगारातून घराचा हप्ता किती जातो आणि सूनबाईच्या औषधांना किती लागतं, हे थोरल्याला माहीत नाही. एकाला दुसऱ्याच्या पट्ट्या भरलेल्याच दिसतात. खरं म्हणजे दिसतच नाहीत, आणि न दिसणाऱ्या भरलेल्याच आहेत असं माणूस धरून चालतो.

त्या वेळी पोरं फार उदार होती असं मी म्हणणार नाही. पहिले आठ दिवस मी पाहिले आहेत. पण समोर भावाची एकच पट्टी उरलेली दिसत असताना भाकर उचलायला हात धजत नव्हता. आता तो पडदाच मधे नाही. मी दोघांचंही ऐकते, म्हणून दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मला एकटीला दिसतात. आणि आईने एकाची अडचण दुसऱ्याला सांगितली, की तिने बाजू घेतली असं होतं.

म्हणून मी एक ठरवलं आहे. दिवाळीला दोघं घरी येणार आहेत. सहीची घाई नाही असं मी दोघांना सांगितलं आहे. येताना प्रत्येकाने एका कागदावर आपलं खरं लिहून आणायचं: मिळकत, कर्ज, हप्ते, दुखणी. ते मी वाचायचं नाही. एकाने दुसऱ्याचा वाचायचा, समोर बसून. मग पाणीपाळी दोघांनीच ठरवायची आणि तशी लिहायची. त्यांनी ठरवलं तर मी अंगठासुद्धा देईन! नाही ठरलं तर तहसील आहेच.

थोरला "बघू" म्हणाला. धाकटा काही बोलला नाही, पण फोनही ठेवला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "दादाला सांग, मोटारीचं बिलपण लिही म्हणावं." मी म्हटलं, "तूच सांग की."

अजून सांगितलेलं नाही. दिवाळीला वेळ आहे. तुमच्याकडे विहिरीच्या पाळ्या कशा ठरल्या, ते जरूर कळवा.