शहाजोग हुंडी आणि उघडे दार

पूर्वी पेढ्यांवर शहाजोग हुंडी चालत असे. तिचा नियम साधा होता: रक्कम द्यावयाची ती बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच. हुंडी अस्सल दिसली, तरी ती घेऊन आलेला माणूस कोण, याची खात्री केल्यावाचून मुनीम तिजोरीला हात लावीत नसे.

संगणकांच्या जाळ्याची सुरुवात मात्र ओळखीच्या माणसांत झाली. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन हा विद्यार्थी मेन्लो पार्क येथील संशोधन संस्थेच्या संगणकाकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठवू लागला. ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा बंद पडली. त्या वर्षाअखेर अवघी चार केंद्रे जोडली गेली होती. सारे संशोधक एकाच वर्तुळातले. दाराला भक्कम कुलूप हवे, असे फारसे कोणास वाटले नाही.

पुढे जाळे विस्तारले, विश्वास तेवढाच भोळा राहिला. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्रॅम हजारो संगणकांत शिरला. कुठे त्याने सोपे पासवर्ड ओळखले, कुठे एका संगणकाने दुसऱ्यावर टाकलेल्या विश्वासाचा लाभ घेतला. स्वतःच्याच प्रती वाढवीत त्याने यंत्रे ठप्प केली.

ते उघडे दार आज दुकानाच्या गल्ल्यापर्यंत आले आहे. एका वयस्क कापड व्यापाऱ्यांना अनोळखी ग्राहकाने मोठी मागणी नोंदवून आगाऊ रकमेसाठी क्यूआर कोड पाठविला. त्यांनी तो स्कॅन करून पिन टाकला आणि येणारे चाळीस हजार रुपये उलट खात्यातून गेले. हिशेबात कधी न चुकलेल्या त्या गृहस्थांनी लाजेपोटी तीन दिवस मुलालाही सांगितले नाही. तोवर रक्कम हाताबाहेर गेली होती.

पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. ओटीपी कोणासही सांगू नये. फसगत होताच १९३० या क्रमांकावर आणि बँकेस तत्काळ कळवावे. पहिले काही तास मोलाचे असतात.

वस्तू उचलताना व ठेवताना आधी नीट पाहावे, असे आदाननिक्षेपण समिती सांगते. मुनींसाठी सांगितलेली ही दक्षता मोबाईल हाती धरणाऱ्या श्रावकालाही तितकीच उपयोगी आहे. आणि घरातील वडीलधारे कधी फसलेच, तर त्यांना प्रथम धीर द्यावा. बोल लागणार नाही याची खात्री असेल, तरच ते वेळेवर सांगतील.