रात्रीची सहल

बुडापेस्टच्या एका चौकात रात्री नऊ वाजता आमच्या धाकट्या भावाने स्वतःच्या हाताने आमच्या मनगटावर नारिंगी कागदी पट्टा बांधला. असा पट्टा आमच्याकडे इस्पितळात दाखल झालेल्या रोग्याला बांधतात. इथे तो दारू प्यायला निघालेल्या माणसाला बांधतात. पट्टा हातात असला की एका रात्रीत चार पब आणि शेवटी नाचाचा एक क्लब, सगळीकडे रांग न लावता आत सोडतात. पहिला पेला तिकिटातच. याला पब क्रॉल म्हणतात. क्रॉल म्हणजे रांगणं. पहिल्या पबात माणूस चालत जातो आणि शेवटच्यातून रांगत बाहेर येतो, असा अर्थ आम्ही लावला. भाऊ म्हणाला, "बराबर लगाए, भाई."

(उर्दू शाळेत तेरा वर्षं शिकवून तोंडात 'हम' बसलेलं आहे. मराठीत लिहायला बसलं की त्याचं 'आम्ही' होतं. वाचकांनी त्यात बडेजाव पाहू नये.)

आम्ही कधी थेंबाला शिवलेलो नाही. सोलापुरातल्या आमच्या शाळेत तंबाखूमुक्त शाळा अभियानाचं काम आमच्याकडेच असतं. शाळेपासून शंभर यार्डांवर रस्त्यात पिवळी रेघ मारून घेणं, मुलांची फेरी काढणं, घोषणा लिहून देणं हे सगळं आम्ही करतो. मग आम्ही त्या चौकात कसे? तर 2023 च्या मे महिन्याच्या सुटीत आम्ही भावाला भेटायला गेलो होतो. तो तिथे संगणकाची मास्टर्स डिग्री करत होता. घरी त्याने सांगितलेलं होतं की शिकता शिकता संध्याकाळी टुरिस्टांना गाव दाखवतो. अम्मी मोहल्ल्यात अभिमानाने सांगायच्या, "हमारा छोटा गाईड है वहाँ." त्याने पैसे पाठवले, अम्मीच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. पावसाळ्याआधी पत्रे काढून स्लॅब पडला. आमचं विमानाचं तिकीटही त्यानेच काढलं.

पोहोचल्याच्या दुसऱ्या रात्री जेवताना त्याने सांगून टाकलं. गाव दाखवतो, हे खरं होतं. गावातलं काय दाखवतो, एवढंच त्याने सांगितलं नव्हतं.

हातातला घास हातातच राहिला. तसं नुसतं म्हणायची पद्धत आहे, पण खरोखरच राहिला. दारूच्या बाबतीत दहा जणांवर लानत आहे, अशी हदीस आम्ही स्वतः मुलांना सांगितलेली. पिणारा एकटा नाही. गाळणारा, वाहून नेणारा, पाजणारा, विकणारा, तिची किंमत खाणारा, सगळे त्यात आले. आम्ही मनातल्या मनात भावाला त्या दहांत कुठे बसवायचं ते पाहू लागलो. मग स्लॅब आठवला. अम्मीचे डोळे आठवले. शेवटी आपण त्याच्याच खोलीत, त्याच्याच ताटात जेवतोय, हे आठवलं. आम्ही काही बोललो नाही. तोच म्हणाला, "भाई, तुमे एक रात चलो. आँखों से देखो, फिर जो बोलना सो बोलो."

दिवसा त्याने आम्हांला तो भाग दाखवला. पेस्टच्या बाजूचा सातवा जिल्हा, एर्झेबेटवारोश. दोहान्य रस्त्यावरच्या इमारतीचे दोन उंच मनोरे आणि त्यांवरचे घुमट लांबून पाहून आम्हांला वाटलं, मशीद आहे. ते ज्यू लोकांचं मोठं सिनेगॉग निघालं, 1859 चं, मूरिश पद्धतीने बांधलेलं. 1944 च्या हिवाळ्यात याच गल्ल्यांना कुंपण घालून सुमारे 70 हजार ज्यूंना आत कोंडलं होतं. भूक, थंडी आणि गोळ्यांनी माणसं मेली. 1945 च्या जानेवारीत सोव्हिएत फौजा आल्या, तेव्हा मुडदे पुरायला जागा नव्हती. त्या सिनेगॉगच्या अंगणातच 2 हजारांहून जास्त माणसं पुरलेली आहेत.

रस्त्याचं नाव वाचून आमच्यातला उर्दूचा मास्तर जागा झाला. दोहान्य म्हणजे हंगेरियन भाषेत तंबाखू. हा शब्द अरबीतल्या 'दुख़ान'वरून, म्हणजे धुरावरून, तुर्कांच्या मार्गाने तिथे गेला. 1541 पासून 1686 पर्यंत बुडावर उस्मानी तुर्कांचा अंमल होता. ते गेले, पण शब्द ठेवून गेले. खिशाला तिथे 'झेब' म्हणतात, म्हणजे आपली जेब. सपातेला 'पापुच', म्हणजे पापोश. नदीपलीकडच्या टेकडीवर गुलबाबा नावाच्या दरवेशाची मजारही आहे. भावाने आम्हांला तिथे आधीच नेऊन आणलं होतं. मोठ्या भावाचं मन मऊ करायची त्याची ती युक्ती असावी.

तर रात्री नऊ. मे महिन्यात तिथे सूर्य सव्वाआठला बुडतो, म्हणून मगरिब खोलीवर पढूनच निघालो होतो. चौकात एकोणतीस माणसं जमली. इंग्लंडहून आलेली आठ-नऊ मुलं होती. त्यांतल्या एकाचं लग्न ठरलेलं म्हणून बाकीच्यांनी त्याला बायकी फ्रॉक घालून आणलं होतं. दोन डच मुली, काही जर्मन, एक वयस्कर ऑस्ट्रेलियन जोडपं. आणि तिसावे आम्ही, इस्त्रीची पँट आणि दाढी. एका मुलाने भावाला विचारलं, हे तुमचे वडील का? आमचं वय अजून चाळिशीच्या आत आहे, हे इथे नोंदवून ठेवतो.

पहिल्या पबात तासभर. भाऊ बाकावर उभा राहिला आणि गोष्ट सांगू लागला. 1849 मध्ये ऑस्ट्रियाने आरादला तेरा हंगेरियन सेनानींना मृत्युदंड दिला. तेव्हा ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी बिअरचे पेले एकमेकांवर आपटून आनंद केला, म्हणून दीडशे वर्षं बिअरचे पेले वाजवायचे नाहीत, अशी शपथ हंगेरियन लोकांनी घेतली, असं तिथे सांगतात. दंतकथाच ती, पण भाऊ सांगत होता फार छान. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, मागच्या कोपऱ्यात कुजबुजणाऱ्याकडे कसं बघायचं! ही लकब आम्हांला ओळखीची वाटली. थोड्या वेळाने कळलं, ती आमचीच आहे. लहानपणी तो आमच्या वर्गात मागे बसून असायचा.

आम्ही लिमोनादे घेतलं. म्हणजे आपलं लिंबू सरबतच, पुदिना घातलेलं. तिथे ते सगळीकडे मिळतं. भावाच्या हातातही तेच होतं. गाईडने कामावर प्यायचं नाही असा नियम होता की नाही ठाऊक नाही. त्याने नियमासाठी सोडलेलं नव्हतं, एवढं आम्ही पाहिलं.

निघताना त्याने माणसं मोजली. दारात उभा राहून, एकेकाच्या खांद्याला हात लावून, ओठांतल्या ओठांत. एकोणतीस आणि एक तीस. रस्त्यावर आल्यावर पुन्हा मोजली. दोन-दोनच्या रांगेत, भिंतीच्या कडेने, आणि तोंडावर बोट. "वर लोक झोपलेत," हे त्याने दर वळणावर इंग्रजीत सांगितलं. खरंच झोपलेले होते. खाली पब आणि वर तीन-चार मजले बिऱ्हाडं, अशी तिथली घरं. रहिवाशांनी पुष्कळ तक्रारी केल्या. मध्यरात्रीनंतर पब बंद ठेवावेत का, यावर 2018 च्या फेब्रुवारीत त्या जिल्ह्यात सार्वमतही घेतलं गेलं, पण पुरेसे लोक मतदानाला आले नाहीत म्हणून ते बाद ठरलं. एका खिडकीत नाइट गाऊनमधली म्हातारी उभी होती. तिने आम्हां तिसांकडे पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. आम्हांला वाटलं, तिला थांबून सांगावं, बाई, आम्ही यांच्यातले नाही. पण मनगटावर नारिंगी पट्टा होता.

काझिंत्सी रस्त्यावर सिम्प्ला केर्त आहे. पडक्या घरांत पब काढायची चाल ज्या जागांनी पाडली त्यांतली ही सर्वांत नावाजलेली. या पत्त्यावर 2004 पासून. युद्धानंतर तिथली घरं सरकारजमा झाली, डागडुजी झाली नाही, पाडायचं ठरलं आणि तेही रखडलं. मग पोरांनी रिकामे वाडे थोड्या भाड्याने घेऊन त्यांत भंगारातलं सामान मांडलं. एक खुर्ची दुसरीसारखी नाही. अर्धा कापलेला न्हाणीचा टब म्हणजे सोफा. अंगणात जुनी ट्रॅबंट मोटार, तिच्यात बसून लोक पितात. भिंतींवर बोटभर जागा रिकामी नाही, जो येतो तो नाव लिहून जातो. खोटं कशाला सांगा, जागा आम्हांला आवडली. चौकातला मोकळा चौथरा, वरची सज्जाची गॅलरी पाहून सोलापुरातला आमचा जुना वाडा आठवला. त्याच रस्त्यावर पुढे ज्यूंचं दुसरं सिनेगॉग आहे, आणि तिथे आजही नमाज होते. म्हणजे त्यांची. आम्ही ट्रॅबंटशेजारी उभं राहून घड्याळात पाहिलं, तर ईशाची वेळ होऊन गेली होती.

तिसऱ्या पबातून बाहेर पडताना मोजदाद केली तर अठ्ठावीस.

भावाचा चेहरा उतरला. सहलीत मूल हरवल्यावर मास्तरचा चेहरा कसा होतो, ते ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. एकदा विजापूरला गोलघुमटात आमचं सहावीचं पोरगं दिसेनासं झालं होतं. ते वीस मिनिटांनी वरच्या सज्जात भिंतीला कान लावून बसलेलं सापडलं. ती वीस मिनिटं आमच्या आयुष्यातून अजून गेलेली नाहीत. एक डच मुलगी मैत्रिणीला सांगून परत गेल्याचं कळलं. राहिला एक. भावाने रांग दुसऱ्या गाईडच्या हवाली केली आणि मागे पळाला. आम्हीही पळालो.

तो फ्रॉकवाला नवरदेव होता. एका दाराच्या पायरीवर बसला होता, मान छातीवर, एक पायताण गायब. वय असेल तेवीस-चोवीस. भावाने त्याचं तोंड वर केलं, गालावर हलके मारलं, पाण्याची बाटली काढली. मुलगा ओकला तो आमच्या बुटांवर. मग आम्ही खाली बसलो आणि त्याचं कपाळ धरलं. वर्गात पोराला उलटी झाली की धरतो, तसंच. हात आपोआप गेला. भावाने त्याच्या झेबमधून हॉटेलचं कार्ड शोधलं आणि दोघांनी दोन खांदे दिले. रस्ता पाऊण मैल असेल. वाटेत तो आम्हांला "सॉरी, सर" म्हणत राहिला. आम्ही सर आहोत हे त्याला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. खोलीत भावाने त्याला कुशीवर निजवलं, पाठीमागे उशी लावली म्हणजे उताणा होऊन गुदमरणार नाही, बादली ठेवली, आणि त्याच्या मित्रांपैकी एकजण येईपर्यंत अर्धा तास आम्ही दोघं त्याचा श्वास ऐकत बसलो. रांग सोडली म्हणून कंपनीने भावाची त्या रात्रीची निम्मी मजुरी कापली.

परत येताना आम्ही दोहान्य रस्त्यावरून आलो. दीड वाजला होता. आता बोलायला हवं होतं. आम्ही म्हणालो, "छोटे, तू उन्हे सम्हालता, मैं देखा. लेकिन पीने को तो तूच लेके जाता ना?"

तो बराच वेळ नुसता चालला. मग म्हणाला, "भाई, अम्मी कितने साल बिड्याँ वळे?"

सव्वीस वर्षं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. कात्रीने पान कापायचं, चिमूट भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. हजाराला मजुरी, आणि कारखान्यात छाट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांची मजुरी नाही. आमचं डी.एड. नि पुढचं बी.एड. त्या सुपातून झालं. अम्मीचा खोकला त्याच सुपातला.

"वो बिड्याँ कौन पिए, कितने मरे, अम्मी कू पूछे क्या कभी तुमे?"

आम्हांला राग आला. अम्मीला मध्ये घेतल्याचा राग आला. आम्ही म्हणालो, तंबाखू आणि शराब एक नाही, शरीअतमध्ये एक नाही, तू शब्द फिरवू नकोस. तो म्हणाला, "नहीं भाई, मैं पूछरा हूँ." आणि खरोखरच तो विचारत होता. त्याच्या आवाजात वाद नव्हता. वर्गात एखादं पोरगं असा प्रश्न विचारतं तेव्हा आम्ही म्हणतो, उद्या सांगतो.

खोलीवर पोहोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. त्या दिवसांत तिथे ईशा आणि फजर यांच्यामध्ये फारसा वेळ उरत नाही. बूट धुतले, वुजू केला, घाईने ईशा पढलो. मागे वळून पाहिलं तर भाऊ आमच्या मागे सफ धरून उभा होता. पट्टा मनगटावर तसाच होता. तो भिजत नाही, कात्रीनेच कापावा लागतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नवरदेव माफी मागायला आला, अंगात धड शर्ट. त्याने भावाला दहा हजार फोरिंट दिले. भावाने दोन पाच हजारांच्या नोटा करून आणल्या आणि एक आमच्यासमोर ठेवली. "तुमे भी काम किए." आम्ही नको म्हणालो. तो म्हणाला, "ये तो पाजने का नहीं है ना? उठा के लाने का है." यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. नोट आम्ही घेतली.

नंतर त्याची डिग्री झाली, तिथेच एका ऑफिसात नोकरी लागली, रात्रीचं काम सुटलं. 2024 च्या शरदात प्राग शहराने रात्री दहा ते सकाळी सहा अशा पब क्रॉलच्या फेऱ्यांवर बंदी घातल्याची बातमी त्यानेच आम्हांला पाठवली, खाली एक अक्षरही न लिहिता.

पाच हजार फोरिंटांची ती नोट कपाटात आहे. सोलापुरात ती कोणी बदलून देत नाही. मशिदीच्या पेटीत टाकावी तर हात धजत नाही, आणि फाडून टाकायला ती आमची एकट्याची नाही.

परतल्यावर अम्मीने पहिल्यांदा विचारलं, तो नीट जेवतो का. मग विचारलं, "काम कैसा है उसका?"

आम्ही म्हणालो, "बच्चां सम्हालता, अम्मी. रात के बखत."

"तेरे सरका?"

नव्या डोळ्यांनी त्या आमच्याकडे पाहत होत्या. आम्ही बॅगेतून बूट काढायला खाली वाकलो.