दुसऱ्याच्या आखाड्यात

२०२३ च्या कोजागिरीला नेमकं चंद्रग्रहण आलं होतं. आटवलेलं दूध प्यायचं कधी, यावर सासूबाईंची आणि यांची बरीच चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी रविवार. मी पोहे चाळत बसले होते, तोच आमचे नववीतले चिरंजीव मोबाइल नाचवत आले. "आई, काल रियाधला काय झालं, बघच!"

मुष्टियुद्ध हा मला मुळीच न आवडणारा प्रकार. माणसानं माणसाच्या तोंडावर गुद्दे मारायचे आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या! पण लेक आपणहून काही दाखवायला येतो, असे दिवस आता थोडेच राहिलेत. चाळणी बाजूला ठेवली.

एकीकडे टायसन फ्युरी. हेवीवेट गटातला त्या वेळचा जगज्जेता, तोवर एकदाही न हरलेला. समोर फ्रान्सिस एन्गानू. हा मूळचा कॅमेरूनचा. लहानपणी वाळूच्या खाणीत राबलेला, पुढे वाळवंट तुडवत युरोपात पोचलेला, पॅरिसमध्ये काही काळ बेघर राहिलेला. तोही जगज्जेता होऊन गेलेला, पण दुसऱ्याच खेळातला. त्या खेळाला मिश्र मार्शल आर्ट्स म्हणतात. त्यात ठोसे चालतात, लाथा चालतात, कोपर-गुडघे चालतात, कुस्तीसारखं धरून खाली पाडणंही चालतं. मुष्टियुद्धात मात्र चालते फक्त मूठ, तीही कमरेच्या वर. म्हणजे बिचाऱ्यानं आपली निम्म्याहून अधिक विद्या दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवायची आणि मग आत यायचं!

तरीही तिसऱ्या फेरीत त्याच्या डाव्या हाताचा ठोसा बसला आणि फ्युरी चक्क खाली पडला. उठला, दहा फेऱ्या पुऱ्या झाल्या. तीन पंचांपैकी दोघांनी कौल दिला फ्युरीला, एकानं एन्गानूला. दोन पंचांच्या कागदावर फरक होता अवघ्या एका गुणाचा, ९५-९४. एन्गानूची मुष्टियुद्धातली ही पहिलीच व्यावसायिक लढत होती. तयारीसाठी त्यानं मदत घेतली होती जुन्या जगज्जेत्या माइक टायसनची.

मला तो माणूस फार आवडला. त्याला कारणही होतं.

मी मराठी घेऊन बी. ए. झाले. लग्नानंतर बारा-तेरा वर्षं घर सांभाळलं, मग एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवू लागले. त्या दिवाळीनंतर गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि आठवीचं गणित माझ्या गळ्यात पडलं. रात्र रात्र जागून तयारी केली. पहिले काही आठवडे असे छान गेले की शिक्षक-खोलीत कौतुक झालं. मग काय, मी जराशी सैलावले. एवढं काय अवघड आहे, असं वाटू लागलं.

मार्च उजाडला. वर्तुळाचा धडा होता. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो, असं मी फळ्यावर लिहिलं. मागच्या बाकावरचा मुलगा उठून म्हणाला, "बाई, पण का दुभागतो?"

मला सांगता येईना. खडू हातात, चाळीस डोकी माझ्याकडे वळलेली. "उद्या सांगते," म्हणून तास कसाबसा संपवला. घरी आल्यावर मनात एकच, हे काम आपल्याला झेपणारं नाही, नाही म्हणून कळवावं. यांना बोलले नाही. सासूबाईंना तर नाहीच. "तरी मी म्हणत होते," हे ऐकायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी, ८ मार्चला, महाशिवरात्रीची सुट्टी होती. त्याच रात्री रियाधलाच एन्गानूची दुसरी लढत झाली, अँथनी जोशुआशी. शनिवारी लेकानं ती दाखवली. पहिल्याच फेरीत एन्गानू खाली पडला, दुसऱ्या फेरीत खेळ आटोपला. पहिल्या वेळी हा काय करील याची कुणाला कल्पना नव्हती. आता सगळ्यांनी त्याला पाहिलेलं होतं. आखाडा मात्र दुसऱ्याचाच होता.

"संपला की गं हा," लेक म्हणाला.

"संपला कसला? एक लढत हरला," मी म्हटलं, आणि माझं मलाच नवल वाटलं. मग वही काढली नि कुणाला सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं.

तो हसला नाही. जीवेच्या दोन्ही टोकांना त्रिज्या जोडल्या. "बघ आई, दोन काटकोन त्रिकोण झाले. कर्ण सारखे, कारण दोन्ही त्रिज्याच. लंब दोघांचा एकच. झाले एकरूप!" पाच मिनिटांचं काम. पोळ्यांची कणीक परातीत तशीच राहिली.

सोमवारी वर्गात सांगितलं, "त्या दिवशी मला येत नव्हतं. घरी मुलाकडून शिकून आले." मुलं आधी हसली, मग गप्प होऊन ऐकू लागली. मागच्या बाकावरच्यानं मान डोलावली. वर्ष संपेपर्यंत तो वर्ग मीच घेतला, पण एकही दिवस तयारीवाचून गेले नाही.

त्या एप्रिलमध्ये एन्गानूचं पंधरा महिन्यांचं बाळ गेलं. वाचून जीव कळवळला. पुढे ऑक्टोबरमध्ये, कोजागिरी होऊन तीन दिवस झाले होते, तो आपल्या मूळच्या खेळात परत उतरला आणि पहिल्याच फेरीत जिंकला. तो विजय त्यानं लेकराला वाहिला.

गणिताच्या बाई आता परतल्या आहेत, मी माझ्या मराठीत. पण मैत्रिणींनो, ती वही मी रद्दीत घातलेली नाही.