कोड नीट दिसेल अशी जागा

पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा हा भाषेच्या व्याकरणाचाच भाग. ती गेली की प्रोग्राम अडतो. मी प्रोग्रामिंगवर लेख लिहायला लागलो ती साइट कोड पेस्ट केला की नेमकी तीच जागा खाऊन टाकायची, वर सरळ अवतरणचिन्हं वळणदार करून ठेवायची. वाचक कोड उचलत, एरर येई आणि तक्रारीची मेल माझ्याकडे.

तेव्हा ब्लॉग लिहिण्यासाठी मीडियम जोरात होतं. दिसायला देखणं, पण कोडला रंग देण्याची सोय तिथे बरीच वर्षं नव्हती. लिहिणारे कोडचा तुकडा गिटहबवर जिस्ट म्हणून ठेवत आणि तो लेखात जोडत. २०१७ मध्ये तिथे सभासदांपुरते लेख सुरू झाले. २०१९ मध्ये प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या फ्रीकोडकॅम्पनं आपलं बिऱ्हाड तिथून हलवलं आणि ओपन सोर्स घोस्टवर मांडलं.

मी जेकिलकडे, म्हणजे साध्या फाइलींपासून साइट बनवणाऱ्या साधनाकडे, वळलो. गिटहबचे सहसंस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ते २००८ मध्ये तयार केलं. यात डेटाबेस नाही, लेख म्हणजे मार्कडाउनमधली साधी फाइल. वर तीन-तीन आडव्या रेघांच्या मध्ये शीर्षक आणि तारीख, खाली मजकूर, कोडच्या आधी-नंतर तीन बॅकटिक. फाइल पुश केली की गिटहब पेजेस पान तयार करतं. एका वाचकाला माझ्या कमांडमध्ये चूक सापडली, तर त्यानं मेल न करता थेट पुल रिक्वेस्टच, म्हणजे तयार दुरुस्तीच, पाठवली!

अडचण एकच: तिथे आपसूक कोणी फिरकत नाही. वर्दळ डेव्ह डॉट टू किंवा भारतीय डेव्हलपरांनी उभारलेल्या हॅशनोडवर. म्हणून लेख आधी स्वतःच्या डोमेनवर टाकतो, मग तोच तिकडे, कॅनॉनिकल लिंक भरून. त्यामुळे मूळ लेख कुठला, हे सर्च इंजिनला कळतं.

मराठीत लिहिताना आणखी एक गंमत होते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि लिंक कॉपी करताना प्रत्येक बाइटची टक्क्याच्या खुणेसकट तीन अक्षरं होतात. 'पुणे'मध्ये दोन अक्षरं आणि दोन मात्रा, म्हणजे चार चिन्हं. लिंकमध्ये त्यांची छत्तीस होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर असं शेपूट आलं की लोक व्हायरस समजून उघडतच नाहीत. त्यामुळे लेख मराठीत असला तरी फाइलचं नाव मी रोमनमध्येच देतो.