रॅकमधला माल कुणाचा?

भोसरीच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी स्टोअरला लागलो. मागेल त्याला मोजून माल द्यायचा, एवढीच तेव्हा माझी समजूत होती. प्रत्येक पॅनेल गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणे वेगळे. पण २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर पंपाच्या पॅनेललाही लागे आणि क्रेनच्याही. माल थोडा, मागणारे अनेक.

स्टोअर सांभाळणाऱ्या अण्णांनी मला मालाच्या नोंदीच्या बिन-कार्डापलीकडे पाहायला शिकवले. एका ट्रॉलीवर कॉन्टॅक्टर, रिले, टर्मिनल सगळे काढून ठेवलेले होते. एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, तेवढा यायचा होता. अण्णांनी त्यातले कॉन्टॅक्टर उचलून शेजारच्या पॅनेलला दिले, कारण त्याचे तेवढ्यावरच अडले होते. संध्याकाळी ते पॅनेल टेस्टिंगला गेले. "ज्याचं आज पुरं होतंय, त्याला आधी दे. अर्धवट पॅनेलवर अडकलेला माल कुणाच्याच कामाचा नाही," अण्णा म्हणाले.

मी तो नियम घट्ट धरला, तेव्हा त्यांनीच त्याची दुसरी बाजू दाखवली. मोठ्या ऑर्डरला एकदम भरपूर कॉन्टॅक्टर लागतात. छोट्या ऑर्डरी मध्ये येत राहिल्या, तर तिचा संच कधी जमतच नाही. म्हणून तारीख जवळ आलेल्या मोठ्या ऑर्डरचा वाटा ते प्रत्येक लॉटमधून बाजूला काढत.

त्यांच्याच आग्रहाने मी पुढे शिकलो. तेव्हा बेकर, मॅगझिन आणि नटल यांचा साठ्यावरचा १९८६चा शोधनिबंध वाचला. अनेक उत्पादनांत एकच सुटा भाग वापरला, तर त्या भागाचा राखीव साठा कमी लागतो. खास भागांचा मात्र वाढवावा लागतो, असे त्यात दाखवले आहे. फक्त क्रेनलाच लागणारे रिले अण्णा चार जास्त का मागवत, ते तेव्हा उमगले.

२०२१मध्ये चिपची टंचाई आली. त्यातच मार्चमध्ये जपानमधल्या रेनेसास या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या नाका कारखान्याला आग लागली. पॅनेलमधले चिपवर चालणारे पीएलसी आणि ड्राइव्ह महिनोन्‌महिने मिळेनात. प्लॅनिंग तोवर माझ्याकडे आले होते. आलेला प्रत्येक ड्राइव्ह मी अण्णांच्या त्या दोन नियमांनी वाटला आणि थांबावे लागणाऱ्यांना खरी तारीख कळवत राहिलो.

आता वाटप संगणक करतो. तरी कुणाला आधी द्यायचे आणि कुणाला किती थांबवायचे, हे आधी माणसालाच ठरवावे लागते. ते ठरवताना समोर नसलेल्या गिऱ्हाइकाचीही बाजू धरायची, ही सवय अण्णांनी लावली. माझ्या कामात जे काही न्याय्य आहे, ते त्यांचे देणे आहे.