थंडीतील टकटक

डोंबिवलीच्या थंडीविषयी कोणी बोलू लागले की नाशिककर मंडळी हसतात, आणि ते हसणे आम्ही अन्यायाचे मानीत नाही. पौषातल्या पहाटे खाडीकडून जरा वारा सुटला की कपाटातला स्वेटर बाहेर काढावा आणि ऊन वर आले की घडी करून पुन्हा ठेवून द्यावा, एवढीच काय ती आमची थंडी! तथापि ही अल्पस्वल्प थंडीदेखील वृद्धांस बाधते, हे गेल्या हिवाळ्यात आम्हांस कळून आले. आमच्या घरी असे वृद्ध दोन. एक आमचे वडील अण्णा, आणि दुसरी अण्णांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी.

ही मोटार जन्माने इटालियन. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीने मूळची फियाट कुर्ल्यास बांधावयास घेतली आणि पुढे तिला चितोडच्या राणीचे नाव दिले. मुंबईकरांस ती काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने परिचित. २०२३ च्या ऑक्टोबरात तीही रस्त्यावरून निवृत्त झाली. अण्णांच्या लेखी मात्र ती शर्यतीची मोटार. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर अशाच फियाटी शर्यतीत पळत, ही गोष्ट ते पाहुण्यांस चहाबरोबर ऐकवीत. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरांचे आहे हेही सांगून होई.

तर या शर्यतीच्या मोटारीतून सकाळी सुरू करताच 'टक टक टक' असा आवाज येऊ लागला. आम्ही तो अण्णांस सांगितला. ते वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, "काही नाही रे. गाडी ठणठणीत आहे." एकेकाळी जिन्यावरून नुसते ऐकून 'प्लग साफ कर' म्हणणारा हा मनुष्य, त्याचा हा हेका आम्हांस खुपला. वय झाले की माणूस आपल्या वस्तूचे दोष पाहीनासा होतो, असे मनाशी म्हणून आम्ही गाडी परस्पर दुरुस्तीस नेली.

येथे एक मौज झाली. ज्या कारागिराकडे जावे त्याच्याकडे पोचेपर्यंत इंजिन तापे आणि आवाज बंद होई. वैद्याच्या ओटीवर पाय ठेवताच पोटदुखी थांबावी, तसलाच प्रकार! एकाने काहीच दोष नाही म्हणून सांगितले. दुसऱ्याने आवाज न ऐकताच बेअरिंग गेले असे निदान करून इंजिन खोलण्याचा असा आकडा सांगितला, की घरात गाडी भंगारात काढण्याची चर्चा सुरू झाली. अण्णा त्या चर्चेत गप्प बसून होते. आम्ही त्यांस विचारलेही नाही.

शेवटी ठाण्यात एक जुने मिस्त्री भेटले. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा दुसरा कारखाना होता, तेथे त्यांची उमेद गेलेली. ते म्हणाले, "साहेब, आवाज थंडीचा आहे, तर तो थंडच ऐकायला हवा. गाडी रात्रभर इथे राहू द्या. पहाटे या. आणि अण्णांना आणा; गाडी त्यांची आहे."

वाजवून आणि ऐकून पारख करणे ही विद्या आपणांस नवी नाही. कुंभाराकडचे मडके आणि बाजारातला नारळ आपण टिचकी मारूनच घेतो. रेल्वेत गाडीच्या चाकांवर हातोडी मारून तडा ओळखणारी माणसे असत. व्हिएन्नाच्या औएनब्रुगर नामक डॉक्टराने रोग्याच्या छातीवर बोटे वाजवून निदान करण्याची रीत १७६१ साली प्रसिद्ध केली. तो खाणावळवाल्याचा मुलगा होता. पुढे १८१६ साली लाएनेक याने कागदाची सुरळी करून हृदय ऐकले आणि स्टेथॉस्कोप जन्मास आला. मिस्त्रींचा स्टेथॉस्कोप म्हणजे हातभर लांबीचा पेचकस.

पहाटे इंजिन सुरू झाले आणि टकटक लागली. मिस्त्रींनी प्रथम पंख्याचा पट्टा काढून पाहिला. आवाज कायम, म्हणजे डायनामो आणि पाण्याचा पंप निर्दोष. मग प्लगच्या वायरी एकेक काढल्या. आवाज बदलला नाही. बेअरिंगची ठोक असती तर त्या सिलिंडरचा भार जाताच ती मंदावली असती, आणि ती जडही असते. ही तर हलकी होती. मग पेचकसाचे टोक टॅपेटच्या झाकणावर टेकवून मूठ त्यांनी कानामागच्या हाडाला लावली. क्षणभराने त्यांनी तो पेचकस अण्णांपुढे धरला. "अण्णा, तुम्ही सांगा."

अण्णांनी मूठ कानामागे धरली, आणि त्यांचा चेहरा उजळला. "टॅपेट!" ते ओरडले. "दुसऱ्या सिलिंडरचा! केव्हापासून वाजतोय हा?"

आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. महिनाभर रोज सकाळी जे साऱ्या घराने ऐकले, ते अण्णांनी आज प्रथम ऐकले होते. तो हेका नव्हता. आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. वृद्धपणी बारीक, उंच सूर आधी हरवतात, हे आम्ही पुस्तकात वाचलेले होते. घरातल्या माणसाकडे पाहून ते आठवावे, एवढे मात्र आम्हांस सुचले नव्हते. भंगाराच्या चर्चेत त्यांनी धरलेले मौनही आता निराळे दिसू लागले. कदाचित त्यांस ती चर्चा अर्धीमुर्धीच ऐकू आली असेल.

झाकण उघडले तेव्हा दोष सापडला. गाडी फारशी बाहेर निघत नसे. निघाली तरी मंडईपर्यंत. इंजिन पुरते तापतच नसल्यामुळे तेलात गाळ धरला आणि वर तेल नेणारी बारीक वाट चोंदली. थंडीत घट्ट झालेले तेल तीतून उशिरा चढे; तापून पातळ झाले की सहज जाई आणि टकटक थांबे. वाट साफ केली, टॅपेटची फट बेताची केली, तेल बदलले. इंजिन खोलण्याच्या आकड्यापुढे हा खर्च म्हणजे चहापाणी.

परतताना मुंब्र्याच्या डोंगरावर ऊन आले होते. अण्णा शेजारी बसून शोलावरमची गोष्ट सांगत होते. आम्ही ती प्रथमच ऐकत असल्यासारखी ऐकली, आणि मध्ये विचारलेले प्रश्न मोठ्याने विचारले. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. अण्णा आधी नको म्हणाले, मग म्हणाले, "मिस्त्रींचा पेचकस नेऊ या का बरोबर?"